न पिणाऱ्याचं यकृत

माझी नोकरी नेमकी काय आहे, हे माझ्या सासूबाईंना शेवटपर्यंत नीट कळलं नाही. शेजारणींना त्या सांगायच्या, "दवाखान्यात असते, पण नर्स नाही. पेशंटला गोळ्या देते, पण त्यात काय आहे ते तिलाही माहीत नसतं." त्या हे चेष्टेनं म्हणत, पण माझ्या कामाची इतकी नेमकी व्याख्या मला कुठल्याच प्रशिक्षणात मिळाली नाही.

पनवेलला पोटाच्या आणि यकृताच्या विकारांचं एक मध्यम आकाराचं रुग्णालय होतं. तिथं मी बरीच वर्षं स्टडी कोऑर्डिनेटर होते. नवं औषध बाजारात येण्याआधी ते खऱ्या रुग्णांवर तपासून पाहावं लागतं. त्यासाठी रुग्णांना सगळं समजावून त्यांची संमती घ्यायची, ठरलेल्या दिवशी बोलवायचं, रक्त काढवून घ्यायचं, गोळ्या द्यायच्या, उरलेल्या परत घ्यायच्या आणि त्यांना जे जे होतंय ते टिपून ठेवायचं, हे माझं काम. निम्म्या रुग्णांना खरं औषध मिळतं, निम्म्यांना हुबेहूब तशीच दिसणारी, औषध नसलेली पोकळ गोळी. कुणाला काय मिळालं हे रुग्णाला कळत नाही, डॉक्टरांना नाही आणि मलाही नाही. कारण कळलं की आपण सगळे आपल्याला हवं तेच बघायला लागतो.

या कामात पहिला धडा मला पनवेलच्या मुस्लिम मोहल्ल्यातल्या एका वयस्कर आपांनी दिला. त्यांचं रक्त सारखं कमी व्हायचं आणि ते जातं कुठं, हे दुर्बिणीनं वरून पाहून कळेना आणि खालून पाहूनही कळेना. तेव्हा कॅमेरा असलेली कॅप्सूल गिळायला देण्याची तपासणी आपल्याकडे नवी होती आणि आमच्याकडे तिचा अभ्यास चालला होता. आपांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं, मग मला जवळ बोलावून हळूच विचारलं, "हा कॅमेरा बाहेर पडल्यावर पण चालू राहतो काय?" घरात कुणाकुणाचे फोटो निघतील याची त्यांना काळजी होती. बॅटरी त्याआधीच संपते म्हटल्यावर दुआ पढून त्यांनी कॅप्सूल गिळली. फोटोत दिसले ते आतड्याला चिकटून रक्त पिणारे बारीक जंत. डॉक्टर चक्रावले, कारण जंतांची गोळी त्यांनी आपांना पहिल्याच भेटीत दिली होती. आपांनी ती घेतलीच नव्हती. ते लहान मुलांचं औषध वाटलं म्हणून नातवाला देऊन टाकली होती. नातू ठणठणीत होता.

तेव्हापासून मी एक सवय लावून घेतली. छापील प्रश्न संपले की पेन खाली ठेवायचं आणि मग विचारायचं, बाकी काय चाललंय? औषधापेक्षा माणूस औषधाचं काय करतो, हे मला जास्त कुतूहलाचं वाटायला लागलं. पण उरणकडच्या जासई गावातल्या काशीशेठनी मला जे दाखवलं, ते त्या सवयीलाही लवकर सापडलं नाही.

इथली नावं मी बदलली आहेत. पन्नाशीतला धिप्पाड माणूस, पांढरा शर्ट, गळ्यात तुळशीची माळ. घरची शेती होती, मिठागर होतं. ते सगळं बंदराच्या कंटेनर यार्डात गेलं, पैसा आला आणि कालपर्यंतचा काशिनाथ गावात काशीशेठ झाला. दारात गाडी आली, घरावर मजला चढला. हातांना काम राहिलं नाही. पाठोपाठ रक्तात साखर आली आणि मग एका साध्या सोनोग्राफीत यकृतावर चरबी निघाली.

हे दोन हजार दहाच्या आसपासचं. यकृत खराब म्हणजे दारू, हे समीकरण तेव्हा लोकांच्या डोक्यात अगदी पक्कं होतं. दारूचा थेंबही न घेणाऱ्यांची यकृतं चरबीनं भरतात, काहींची त्यातून सुजतात आणि हळूहळू निबर होत जातात, हे डॉक्टरांना ठाऊक होतं. पण त्यावर खात्रीचं औषध कुणाकडेच नव्हतं. आमच्याकडे आलेली चाचणी अशाच एका गोळीची होती. अट एकच कडक होती, रुग्ण दारू पिणारा नको.

आणि नेमकं हेच सिद्ध करता येत नाही. सुईनं यकृताचा बारीक तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली धरला, तरी पिणाऱ्याचं चरबीचं यकृत आणि न पिणाऱ्याचं पुष्कळदा सारखंच दिसतं. रक्ताच्या तपासण्या थोडा इशारा देतात, पण शपथेवर काही सांगत नाहीत. इतकी यंत्रं हाताशी असून शेवटी माणसाच्या शब्दावर विश्वास ठेवायचा, हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा फार नवल वाटलं होतं.

त्यामुळे दर भेटीला मला तोच प्रश्न काशीशेठना विचारावा लागे, गेल्या महिन्यात दारू किती घेतली? पहिल्यांदा त्यांनी माळेला हात लावून नाही म्हटलं. दुसऱ्यांदा नुसतं माझ्याकडे बघितलं. तिसऱ्यांदा म्हणाले, "बाय, तू शिकलेली हायस. एकदा नाय सांगितला ते तुना कळत नाय?" मी म्हटलं, काका, मला कळतं, कागदाला कळत नाही. ते हसले. तिथून आमचं जमलं.

सुरुवातीची बायोप्सी झाली, गोळ्या सुरू झाल्या. संमती घेताना मी त्यांना सगळं दोनदा समजावलं होतं. चिठ्ठी टाकल्यासारखं खऱ्या किंवा पोकळ गोळीच्या बाजूला नाव पडतं, मधूनच सोडायचं असलं तर हक्कानं सोडता येतं, आणि आम्हाला विचारल्याशिवाय दुसरा कुठलाही उपचार सुरू करायचा नाही. आहार सांभाळा, व्यायाम करा, हे तर सगळ्यांनाच सांगायचं असे. त्यावर त्यांनी मान हलवली होती. सगळेच हलवतात.

काही महिन्यांनी त्यांचं वजन उतरायला लागलं. आधी थोडं, मग चांगलंच. पुढच्या भेटीला त्यांच्या पट्ट्याला घरीच पाडलेलं नवं भोक दिसलं. साखरेच्या आणि यकृताच्या रुग्णाचं वजन असं न सांगता उतरणं आम्हाला आवडत नाही. डॉक्टरांच्या मनात पहिली शंका कर्करोगाची आली. क्षयही असू शकतो. त्यांनी सोनोग्राफी केली, सीटी स्कॅन केला, रक्त पुन्हा तपासलं. सगळं स्वच्छ. उलट साखर खाली आली होती, यकृताची सूज दाखवणारे आकडे खाली आले होते.

मग वातावरण बदललं. उघड कुणी बोलत नव्हतं, पण डॉक्टर त्यांच्या भेटीच्या दिवशी लवकर यायला लागले. औषध कंपनीतर्फे आमचं काम तपासायला येणारी मुलगी काशीशेठचे आकडे पुन्हा पुन्हा बघायची. गोळी चालते की काय! मलाही वाटायला लागलं होतं. आपल्या टेबलाच्या खणातून काहीतरी मोठं बाहेर पडतंय, असं वाटण्याचा आनंद या धंद्यात क्वचित मिळतो. काशीशेठना विचारलं, खाण्यात काही बदल? नाही. दुसरं कुठलं औषध, काढा, जडीबुटी? नाही. व्यायाम? त्यावर ते हसून म्हणाले, व्यायाम तुमच्या पनवेलच्या तळ्याभोवती बूट घालून फिरणाऱ्यांनी करावा.

अशात एका दुपारी त्यांची बायको, हिराकाकी, एकट्याच आल्या. नवऱ्याची तारीख नव्हती. मी पाणी दिलं, ते त्यांनी घेतलं नाही. पदर खांद्यावर ओढून त्या थेट मुद्द्यावर आल्या.

"रक्तात दारू कलते ना? मना खरा सांगा, हे पितात काय?"

मग एकेक करून त्यांनी सांगितलं. नवरा उजाडताच गाडी घेऊन निघतो. कुठं जातो सांगत नाही. परततो तेव्हा डोळे लाल, अंगाला वास, घामाचा की कसला ते कळत नाही, कारण आल्या आल्या न्हाणीत शिरतो. एवढा गडी वाळत चाललाय. गावात बायका विचारतात, शेठला लिव्हर झालाय ना? आणि विचारताना ओठ दाबून हसतात. हिराकाकींचा बाप हातभट्टीनं गेला होता. त्याचं शेवटी फुगलेलं पोट आणि वाळलेले हातपाय त्यांनी लहानपणी पाहिले होते. लग्न ठरलं तेव्हा त्यांनी नवऱ्याला एकच सांगितलं होतं, पिणाऱ्याच्या घरात मी राहणार नाही. आता सुना-नातवंडं असतानाही त्या तेच म्हणत होत्या, आणि त्या बोलून दाखवण्यासाठी बोलत नव्हत्या हे दिसत होतं.

माझी पंचाईत अशी की रुग्णाच्या तपासण्यांबद्दल त्याच्या परवानगीशिवाय एक अक्षर कुणाला सांगायचं नाही, बायकोलाही नाही. हा नियम माणसाच्या भल्यासाठीच केलेला आहे आणि एरवी मला तो पटतो. त्या दिवशी मात्र तो पाळणं जड गेलं. शिवाय नियम मोडून सांगणार तरी काय होते? रक्तातून खात्रीनं कळत नाही हेच ना? ते ऐकून तर त्यांचा संशय पक्काच झाला असता. मी म्हटलं, काकी, तुम्ही त्यांच्याबरोबर या, त्यांच्यासमोर डॉक्टर सगळं सांगतील. तुम्ही आज आला होतात हे मी कुणाला सांगणार नाही.

त्या उठल्या. "तुमी पन त्यांच्याच," एवढंच म्हणाल्या आणि गेल्या. जासईला जाणाऱ्या रिक्षात चढताना मी त्यांना खिडकीतून पाहिलं. मला फार वाईट वाटलं. आणि खरं सांगायचं तर आता मलाही शंका यायला लागली होती. पिणाऱ्यांचंही वजन उतरतं. माळ घालूनही माणसं पितात. तसं असेल तर या माणसाला चाचणीतून काढावं लागणार होतं, आणि आमचा सगळा आनंद फुकट जाणार होता.

पुढच्या तारखेला काशीशेठ आले. छापील प्रश्न झाले. मी पेन खाली ठेवलं आणि विचारलं, "काका, सकाळी उठल्यापासून दिवस कसा जातो, ते मला सांगा."

त्यांनी दाराकडे पाहिलं. मग म्हणाले, दार लाव. दार लावून मी बसले तर त्यांनीच मला उलट विचारलं, "मी सांगितला तर गोळी बंद करशील?"

मी म्हटलं, काय आहे त्यावर अवलंबून आहे.

"तू सांगितलेलास, दुसरा इलाज करायचा नाय. मी करतंय. पन मी इलाज म्हणून नाय चालू केला."

मग त्यांनी जे सांगितलं, ते असं. जवळच्या चिरनेरला त्यांची धाकटी बहीण यमुना राहते. विधवा, एकटी, थोडी भाजीची शेती. काशीशेठच्या मुलाच्या हळदीत आत्याचा मान हिराकाकींकडून राहून गेला, त्यावरून भर मांडवात बोलाचाली झाली आणि त्या दिवसापासून दोन्ही घरांचं येणंजाणं बंद. नणंद-भावजयीनं एकमेकींचं तोंड बघितलं नाही आणि काशीशेठ बायकोच्या बाजूनं राहिले. पण बायोप्सीच्या दिवशी, सुई टोचल्यावर उजव्या कुशीवर न हलता पडून राहायचं असतं, तेव्हा त्यांच्या मनात आलं की आपण आता जाणार. जाण्याआधी बहिणीला भेटलं पाहिजे.

बरं वाटल्यावर एका सकाळी ते चिरनेरला गेले. यमुना शेतात वाफे करत होती. तिनं भावाकडे बघितलं आणि पुन्हा खाली वाकून काम करायला लागली.

"तिनी मना बस पन नाय सांगितला. उभा रावून काय करू? बाजूला कुदल पडलेली, ती उचलली."

दुपारपर्यंत दोघं एका शब्दानं न बोलता राबले. हाताला फोड आले. घरी येऊन त्यांनी ते लपवले. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले, कारण वाफे अर्धेच झाले होते. मग पाणी लावायचं होतं, मग बांध घालायचा होता. बहीण कितीतरी दिवस बोललीच नाही. ती बोलली असती, चहा पाजून वाटेला लावलं असतं, तर पुन्हा गेलो नसतो, असं ते स्वतःच म्हणाले. शेवटी एकदा तिनं नुसतं विचारलं, दादा, वाळलास का रे एवढा? आणि मग दोघं बांधावर बसून रडली. तोवर त्यांना त्या कामाची ओढच लागली होती. पण घरी सांगणार कसं? बायको म्हणेल, माझा अपमान करणारीच्या दारात गेलास. आणि गाव म्हणेल, शेठ झाला आणि पुन्हा मातीत हात घालतो. जमिनी दिल्या तेव्हा चारचौघांत तेच म्हणाले होते, आता आमच्या घरातला कोणी चिखलात उतरणार नाही.

म्हणजे आम्ही दर महिन्याला व्यायाम विचारत होतो आणि तो माणूस इमानदारीनं नाही म्हणत होता. कुदळ मारणं याला त्यांच्या भाषेत व्यायाम म्हणतच नाहीत. ते काम. 'दुसरा उपचार' हे शब्द मात्र त्यांनी मनावर घेतले होते. अंग हलकं व्हायला लागल्यावर त्यांना भीती वाटली की आपण नियम मोडतोय, आणि कळलं तर गोळी जाईल. ते शब्द मी किती वेळा किती जणांपुढे वाचले असतील, पण कुणाला ते असे ऐकू येत असतील हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं.

मी त्यांना सांगितलं, हे सगळं करायला परवानगी आहे, उलट आम्हाला हवंच होतं. मला डॉक्टरांना सांगून त्याची नोंद करावी लागेल. आणि काका, घरी सांगा. तुमच्या अशा जाण्यानं घरच्यांच्या मनात काय येत असेल, याचा विचार करा.

त्यांनी माझ्याकडे रोखून पाहिलं. "हिरा आली होती?"

मी उरलेल्या गोळ्या मोजायला घेतल्या. त्यांना काय समजायचं ते समजलं.

डॉक्टर ऐकून आधी हसले, मग खुर्चीत मागे टेकले. त्यांचा चेहरा थोडा उतरला होता. जगातलं पहिलं खात्रीचं औषध आपल्याकडे निघतंय हे स्वप्न त्यांनाही पडलं होतं, आणि आता मध्ये एक कुदळ आली होती. काशीशेठना चाचणीतून काढायचं कारण नव्हतं. त्यांच्या इच्छेनुसार त्या आठवड्यात दोघा नवरा-बायकोला एकत्र बोलावलं.

डॉक्टरांनी हिराकाकींना समजावलं की हा आजार न पिणाऱ्यालाही होतो. बसून राहिलेल्या शरीरात साखर आणि चरबी कुठंतरी जागा शोधतात आणि यकृतात जाऊन बसतात. यांनी दारू घेतल्याचं आम्हाला कुठंही दिसलेलं नाही. हिराकाकींनी सगळं ऐकलं. त्यांचा प्रश्न मात्र वेगळा होता आणि तो नवऱ्याला होता, मग जाता कुठं?

"यमुच्या शेतावर," काशीशेठ म्हणाले.

मला वाटलं होतं, बाईंना हायसं वाटेल. तसं झालं नाही. दारूचं भय त्यांनी इतके दिवस उरावर वाहिलं होतं, ते खोटं निघालं. पण त्या जागी जे आलं ते त्यांना जास्त लागलं. डोळ्यांत पाणी आलं आणि ते त्यांनी पुसलंही नाही.

"मी तुमच्यापाठी रोज देवाला हात जोडतंय, आनि तुमी तिच्या शेतात पानी लावताय," त्या म्हणाल्या. "मना एकदा सांगितला असता तर मी काय मारून टाकला असता?"

डॉक्टरांनी मला खूण केली, आम्ही दोघं बाहेर आलो. पुढं त्या दोघांत काय बोलणं झालं ते मला माहीत नाही. बऱ्याच वेळानं दार उघडलं तेव्हा हिराकाकी पुढं होत्या आणि काशीशेठ मागं. त्यानंतरच्या काही भेटींना ते एकटेच आले. मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. वजन मात्र उतरून स्थिरावलं होतं, म्हणजे शेतावर जाणं चालू असावं.

शेवटच्या बायोप्सीच्या दिवशी मी वॉर्डात गेले तर खाटेच्या एका बाजूला हिराकाकी बसल्या होत्या आणि दुसऱ्या बाजूला पांढऱ्या पातळातली एक सडपातळ बाई. दोघींच्या मांडीवर डबे. काशीशेठ कुशीवर पडलेले, तोंड बहिणीकडे, पाठ बायकोकडे, आणि कूस बदलायची परवानगी नाही. त्यांची अवस्था बघण्यासारखी होती. दोघी एकमेकींशी बोलत नव्हत्या. जे काही बोलायचं ते माझ्यामार्फत. यांना कधी खायला द्यायचं, असं एकीनं विचारायचं आणि वेळ मी दुसरीलाही ऐकू जाईल अशी सांगायची. पण आल्या होत्या एकाच गाडीतून, हे मला खालच्या वॉचमननं सांगितलं.

तुकडा तपासून आला. चरबी बरीच ओसरली होती, सूज कमी होती. ज्या यकृतात सुरुवातीला निबरपणाची लक्षणं दिसत होती, तिथं ती पुढं सरकली नव्हती.

चाचणी संपली तरी तिचा निकाल लगेच येत नाही. सगळ्या ठिकाणचे रुग्ण पूर्ण व्हावे लागतात, मग कुणाला काय मिळालं ते उघड होतं. आमच्याकडे निकाल आला तेव्हा त्या खोलीत दुसऱ्याच एका चाचणीचे खोके रचलेले होते. निकाल एका ओळीत सांगण्यासारखा होता. गोळी घेणारे आणि पोकळ गोळी घेणारे, यांच्यात म्हणावा असा फरक पडला नाही. ती गोळी कधी बाजारात आली नाही. इतक्या लोकांची इतकी वर्षांची मेहनत अशी संपते, तेव्हा चहासुद्धा बेचव लागतो. पण चालत नाही हे नक्की कळणं, हेही कळणंच असतं. नाहीतर ती गोळी आज कितीतरी लोक श्रद्धेनं खात बसले असते.

काशीशेठना कळवायला बोलावलं. आता आम्ही सगळे जण गृहीत धरून होतो की त्यांना पोकळ गोळी मिळाली असणार. यादीत पाहिलं तर त्यांना खरं औषध होतं.

मी त्यांना दोन्ही गोष्टी सांगितल्या. तुम्हाला खरी गोळी होती, आणि ती गोळी चालत नाही असं ठरलं आहे. ते पूर्वीपेक्षा कितीतरी सडसडीत दिसत होते, नखांच्या कडेला माती होती आणि ती लपवायचा आता प्रयत्न नव्हता. त्यांनी निम्मंच ऐकलं. "म्हणजे खरा औषध होता ना? तरी मी म्हनतंय, गोळीनीच झाला."

डॉक्टर म्हणाले, कुदळीनं झालं. मी दोघांनाही सांगितलं की एका माणसावरून यातलं काहीच सांगता येत नाही. कदाचित गोळी काही थोड्यांना लागू पडत असेल आणि त्यातले हे एक असतील. कदाचित गोळीचा काहीही संबंध नसेल. ते कळायला दुसरे काशीशेठ हवेत, तसेच्या तसे, गोळी न घेतलेले. ते कुठून आणायचे? इतक्या वर्षांत मला हा प्रश्न अजून सुटलेला नाही, आणि तो सुटत नाही म्हणूनच कदाचित मी या कामात टिकले.

हिराकाकी शेजारी बसून ऐकत होत्या. आमचं तिघांचं बोलणं त्यांना फारसं पटलेलं दिसलं नाही. वालाच्या शेंगा तोडायला चिरनेरला जायचं होतं, त्यांना घाई होती. त्या उठल्या, पिशवी उचलली.

"गोळी नाय आनि कुदल पन नाय," त्या डॉक्टरांना म्हणाल्या. "माझी ननंद बोलत नव्हती म्हनून हे वाचले." आणि नवऱ्याला म्हणाल्या, "चला, ती वाट बघत असल."